एका पेशीची लांबी

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या रुईबाजारात 'उमरावती' नावाचा माल विकला जाई. दलाल तेवढेही पुरते उच्चारत नसत, 'उमरा' म्हणून मोकळे होत. हे आपले अमरावती. अकोट, खामगाव, कारंजा, कुठलीही रुई असो, ती याच नावाखाली बोटीवर चढे. नाव सातासमुद्रापार गेले, भाव मात्र अमेरिकन आणि इजिप्शियन रुईच्या खालीच राहिला. धागा आखूड आहे, असे कारण सांगत.

हा धागा म्हणजे काय, ते आधी बघू. वेचलेल्या कापसातली एक सरकी घ्या आणि तिच्यावरचा एकच तंतू चिमटीत धरून उपटा. हाती आली ती एक अख्खी पेशी. सरकीच्या सालीवरच्या काही पेशी फूल उमलते त्याच दिवशी फुगायला लागतात आणि पुढचे सुमारे तीन आठवडे नुसत्या लांब होत जातात. आपल्या रक्तातली तांबडी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीही नसते. कापसाची पेशी दोन-अडीच सेंटिमीटर, चांगल्या वाणात तीन सेंटिमीटर वाढते, जाडी मात्र 15 ते 20 मायक्रॉन. शाळेत पेशी दाखवायची म्हणून मास्तर कांद्याची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. वऱ्हाडातल्या पोरांच्या घरात दिवाळीनंतर छताला लागेल एवढा पेशींचा ढीग पडलेला असतो, त्यावर ती उड्या मारतात. ही पेशी आहे असे त्यांना कोणीतरी सांगायला हवे, असे मला फार वाटते.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडची रुई अडकली आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीकडे वळली. युद्ध 1865 ला संपले, भाव कोसळले, तरी इकडे सुरू झालेली धावपळ थांबली नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कॉटन कमिशनर हे खास पद निर्माण झाले आणि हॅरी रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याला त्यावर नेमले. 1867 पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला रेल्वेच्या फाट्याचे उद्घाटन करायला आले. एका कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉयने तिथवर यावे, यावरून त्या पेशीची किंमत कळते.

त्या काळी या पेशीची लांबी मोजण्याचे साधन म्हणजे दोन अंगठे. पारखी माणूस रुईची चिमूट घेई, दोन्ही हातांनी ओढून तिचे दोन भाग करी, एक भाग दुसऱ्यावर ठेवून पुन्हा ओढी. असे पाच-सात वेळा केले की वाकडेतिकडे तंतू गळून पडत आणि सरळ, एकमेकांना लागून बसलेल्या तंतूंची पट्टी चिमटीत उरे. ती काळ्या कापडावर ठेवायची आणि नजरेने सांगायचे: पाऊण इंच, सात अष्टमांश, एक इंच. मुरलेला पारखी सोळाव्या भागाइतका फरक ओळखी. पण दोन पारख्यांचे एकमत होईलच असे नाही, आणि भाव पडता असला की घेणाऱ्याच्या बोटांना धागा जरा आखूडच लागे.

सरकारने बाजाराला शिस्त लावायचे ठरवले तेव्हा सुरुवात वजनापासून केली. 1886 मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. मापाडी, दलाल, अडत, तोलाई, सगळ्यांवर नियम आले. कास्तकाराच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती, कारण काट्यात मारलेले शेर-दोन शेर रोजचे होते. धाग्याची लांबी मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर, दोन अंगठ्यांतच राहिली.

वऱ्हाडातला धागा कायम आखूडच होता असेही नाही. जुन्या काळी इथे आणि हिंगणघाटकडे 'बनी' नावाचा देशी कापूस होता. त्याचा तंतू इंचाच्या जवळ जाई, मऊ असे. पण झाड नाजूक आणि उतारा कमी. मणभर कापसातून सरकी वेगळी केली तर रुई थोडी आणि सरकीच फार. त्याच शेतांत 'जरी' नावाचा सरमिसळ कापूस पसरत गेला: तंतू आखूड आणि जाडाभरडा, पण झाड काटक आणि रुई भरपूर. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. पुढे तिथल्या कृषी खात्यातले डेव्हिड क्लाउस्टन यांनी जरीच्या सरमिसळीतून पांढऱ्या फुलाचा 'रोझियम' निवडून त्याचे बियाणे गावोगावी पोचवले. शंभर शेर कापसात चाळीस शेरांच्या आसपास रुई देणारे हे झाड होते. तंतू पाऊण इंचाच्याही आत.

क्लाउस्टन यांच्यावर टीका झाली. गिरण्यांना लांब धागा हवा आणि सरकारी खातेच आखूड धाग्याचे बी वाटते, असा आक्षेप होता. मला क्लाउस्टन बरोबर वाटतात. लांब धाग्याला बाजार चार आणे जास्त देत असेल आणि एकरी रुई दीडपट देणारे झाड हाताशी असेल, तर कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने काय पेरावे? वऱ्हाडातल्या कास्तकाराने हिशेब केला, आणि बाजार वजनाचे पैसे देत होता तोवर तो चुकीचा नव्हता. आखूड रुईला गिऱ्हाईकही भेटले. जपानच्या गिरण्या अशी रुई इतर रुईंत मिसळून कातण्यात तरबेज होत्या. भारतात परदेशी कापडावरची जकात वाढली म्हणून 1933 मध्ये जपानने भारतीय रुईवर बहिष्कार टाकला, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहण्याचा धोका सगळ्यांनाच दिसला.

तोवर मुंबईत एक वेगळेच काम सुरू झाले होते. 1917-18 च्या इंडियन कॉटन कमिटीने लांब धाग्याच्या कापसाचा प्रश्न देशभर फिरून तपासला. तिच्या शिफारशीवरून 1921 मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी उभी राहिली. 1923 च्या कायद्याने रुईच्या गठाणीमागे काही आण्यांचा उपकर बसला. त्या पैशातून 1924 मध्ये माटुंग्याला तंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. वऱ्हाडातून सुटणाऱ्या गठाणींवरही तो उपकर होता, म्हणजे माटुंग्याच्या काचपट्ट्या आणि काटे यांत अकोला-अमरावतीच्या शेतांचा वाटा आहे. ए. जेम्स टर्नर तिचे पहिले संचालक. देशातल्या निरनिराळ्या वाणांचे नमुने दर हंगामात मागवायचे, तंतू मोजायचे आणि तीच रुई छोट्या यंत्रांवर कातून किती नंबरी सूत निघते ते पाहायचे, असा त्यांनी परिपाठ घातला. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर मोठा तितके सूत बारीक. पेशी कशी आहे आणि तिचे सूत कसे होते, या दोन गोष्टींची सांगड घालायची तर दोन्ही मोजायला हव्यात.

या प्रयोगशाळेतल्या एका कामाबद्दल वाचले तेव्हा मी थक्क झालो होतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला. चांदीच्या क्षारांमुळे तो टिकून राहिला होता. तो तपासायला माटुंग्याला आला. टर्नर आणि त्यांचे सहकारी ए. एन. गुलाटी यांनी त्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कापसाची पेशी बोंड उकलल्यावर वाळते, पोकळ नळी चेपते आणि तिला ठिकठिकाणी पीळ पडतो. अंबाडीत, तागात किंवा लोकरीत असा पीळ नसतो. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, जीर्ण होऊन गेलेल्या तंतूंत तो पीळ दिसला. हा कापूसच, आणि आजच्या जाड्याभरड्या देशी कापसाशी अगदी मिळताजुळता, असा निष्कर्ष त्यांनी 1928 मध्ये प्रसिद्ध केला. लिव्हरपूल ज्याला कमी लेखत होते, तो कापूस त्याच गोतातला. वऱ्हाडातल्या जरी-रोझियमचे आणि सिंधूकाठच्या त्या पेशीचे कूळ एक निघाले.

1931 मध्ये संचालकपदी नझीर अहमद आले. हे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफोर्ड यांच्या हाताखाली शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ. फाळणीनंतर पाकिस्तानच्या अणुशक्ती आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. अणूच्या अंतरंगाची मोजमापे केलेला माणूस कापसाच्या पेशीकडे वळला, आणि गुलाटी यांच्यासोबत त्यांनी परिपक्वतेचा प्रश्न धसाला लावला.

प्रश्न असा होता: लांबी सारखी, जाडीही साधारण सारखी, तरी एका रुईचे सूत नितळ निघते आणि दुसरीच्या सुतात बारीक गुठळ्या येतात, रंगवल्यावर त्या फिक्या राहतात. असे का? उत्तर पेशीच्या भिंतीत होते. तीन आठवडे लांब झाल्यावर पेशी वाढायची थांबते आणि आतून भिंत लिंपायला लागते. सेल्युलोजचा रोज एक थर, बोंड उकलेपर्यंत. हे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दिसतात, ते डब्ल्यू. लॉरेन्स बॉल्स यांनी 1919 मध्ये दाखवून दिले होते. लिंपण पुरे झाले तर पेशी भरीव, नाही तर पोकळ आणि लिबलिबीत. गुठळ्या होतात त्या अशा पोकळ पेशींच्या.

पण वीस मायक्रॉनच्या नळीची भिंत मोजायची कशी? कॉस्टिक सोड्याने पेशी फुगवून तपासण्याचे तंत्र मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये घडत होते. माटुंग्याने ते भारतीय वाणांना लावले. रीत मोठी कष्टाची होती. चिमूटभर तंतू विंचरून काचपट्टीवर एकमेकांना समांतर मांडायचे. ते विस्कटू न देता वर दुसरी पातळ काच ठेवायची. कडेने 18 टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडायचा. तो काचेखाली पसरत जातो तसे तंतू जिवंत झाल्यासारखे हलतात, पीळ उलगडतात, भिंती फुगतात. मग डोळा लावायचा आणि एकेक तंतू बघत पुढे सरकायचे. भिंत फुगून मधली पोकळी जवळपास बुजली असेल आणि तंतू काचेच्या कांडीसारखा दिसत असेल, तर तो पक्व. पोकळी भिंतीच्या दुपटीहून रुंद राहिली आणि तंतू चपट्या फितीसारखा पडला असेल, तर अपक्व. या दोहोंच्या मधला अर्धपक्व.

प्रत्येक नमुन्यातून शेकडो तंतू असे मोजायचे आणि शेकडेवारी काढायची. भारतात रूढ झालेल्या सूत्रात पक्व तंतूंना पूर्ण गुण, अर्धपक्वांना 0.6 आणि अपक्वांना 0.4. शंभरात 60 पक्व, 20 अर्धपक्व, 20 अपक्व निघाले तर 60 अधिक 12 अधिक 8, म्हणजे 80, परिपक्वता 0.80. गणित पाचवीतल्या मुलाचे, पण त्यामागे दिवसभर सूक्ष्मदर्शकावर ओणवलेली मान असे.

शेकडो का, वीस-पंचवीस का नाहीत? पेशी मोजणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आखीव चौकोनांच्या काचेवर पेशी मोजतात, तिथेही हेच. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1907 मध्ये, 'स्टुडंट' या टोपणनावाने, यीस्टच्या पेशी मोजताना होणाऱ्या चुकीचा हिशेब मांडला. यदृच्छेने विखुरलेल्या शंभर पेशी मोजल्या तर दहाएकांचा फरक पडू शकतो, म्हणजे शेकडा दहा. चारशे मोजल्या तर विसाचा, शेकडा पाच. चूक निम्मी करायची तर मोजणी चौपट. आणि कापसाच्या बाबतीत नमुना कशाचा आहे ते बघा. मध्यम जाडीची एक पेशी भरते सुमारे 4 मायक्रोग्रॅम. एका ग्रॅम रुईत अडीच लाख पेशी, म्हणजे जेमतेम एका बोंडाइतक्या. क्विंटलभर कापसातून 34 किलो रुई निघाली तर तिच्यात साडेआठशे कोटी पेशी. त्यांचा निवाडा काचपट्टीवरच्या काही शेकड्यांनी करायचा, म्हणून नमुना ढिगाच्या वरून, खालून, मधून, सगळीकडून घ्यावा लागतो.

या मोजणीतून वऱ्हाडाला स्वतःच्या शेताविषयी काय कळले? इथला कापूस पावसावरचा. जूनअखेर पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात पाती आणि फूल. फूल उमलल्यावरचे तीन आठवडे पेशी लांब होण्याचे, म्हणजे सप्टेंबरातल्या पावसाने दगा दिला की लांबी तिथेच खुंटते. पुढचे तीन-चार आठवडे भिंत लिंपण्याचे. त्यांना ऊन हवे आणि रात्र फार गार नको. दसरा-दिवाळीच्या पहिल्या दोन वेचण्यांतल्या बोंडांना हे सगळे मिळते. सीतादहीची पूजा करून वेचलेला तो पहिला कापूस हाताला भरीव लागतो. डिसेंबर-जानेवारीतली फरतड, म्हणजे शेवटच्या वेचण्यांचा कापूस, मात्र वाळलेल्या जमिनीत आणि थंड रात्रींत तयार होते, तिच्यातल्या कितीतरी पेशींचे लिंपण अर्धवट राहते. 'फरतडीला वजन नाही' असे जुन्या बायका वेचता वेचता म्हणतात. ओटीत कापूस धरून त्या जे सांगतात, तेच काचपट्टीवर अपक्व तंतूंच्या आकड्यात दिसले.

स्वातंत्र्यानंतर मोजणीची ही विद्या वऱ्हाडात मुक्कामाला आली. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख 1952 ते 1962 केंद्रात कृषिमंत्री होते. 1965 मध्ये ते गेले, आणि 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्याला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. 1970 मध्ये सुरतच्या सी. टी. पटेल यांचा 'एच-4' हा पहिला व्यापारी संकरित कापूस आला, आणि लांब धागा व भरघोस उतारा एका झाडावर मिळू शकतात हे दिसले. क्लाउस्टन यांच्या काळची कोंडी तिथे सुटायला लागली. अकोल्यानेही 'पीकेव्ही हायब्रिड-2' आणि 'पीकेव्ही रजत' असे वाण दिले.

वाण काढणाऱ्याचे मोजमाप आणखी जवळून चालते. त्याच्यापुढे ओळीत शंभर झाडे असतात आणि प्रत्येकाची रुई जेमतेम मूठभर. तो सरकीवरून रुई काढतच नाही. सरकी हातात धरून बारीक फणीने तिचे तंतू दोन्ही अंगांना विंचरतो. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ती दिसू लागते. मग पट्टीने एका पंखाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत मोजून निम्मे करायचे. कुठले झाड ठेवायचे आणि कुठले उपटायचे, ते या फुलपाखरावर ठरते.

बाजारात मात्र मोजमाप फार सावकाश पोचले. 1972 मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा ग्रेडर खरेदी केंद्रावर बसू लागला. त्याचीही भिस्त नजरेवर आणि बोटांवर. 1940 च्या दशकात अमेरिकेत मायक्रोनेअर आले होते: ठरावीक वजनाची रुई डबीत दाबून बसवायची, तिच्यातून हवा सोडायची आणि किती हवा आरपार जाते ते पाहायचे. बारीक किंवा पोकळ, चपट्या पेशी हवेला जास्त अडवतात, जाड आणि भरीव कमी. गुलाटींच्या काचपट्टीला दिवस लागत, तिथे हे यंत्र निमिषात एक आकडा देते. त्यात एक उणीव राहते. बारीक पण पक्व पेशी आणि जाड पण अपक्व पेशी, दोन्हींचा आकडा एकच येऊ शकतो. आकडा 3 आला तर रुई उंची आहे की कच्ची, हे एकट्या त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

आता हमीभावही या आकड्यांवर बांधला आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7,710. लांब धागा म्हणजे 29.5 ते 30.5 मिलिमीटर लांबी आणि 3.5 ते 4.3 मायक्रोनेअर. मध्यम म्हणजे 24.5 ते 25.5 मिलिमीटर, 4.3 ते 5.1 मायक्रोनेअर. पाच मिलिमीटर पेशीचे चारशे रुपये. खरेदी केंद्रावर गाडी उभी राहते तेव्हा कापसात ओलावा मोजायची सळई खुपसतात, कारण 12 टक्क्यांवर ओल असली की माल परत. ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, उजेडाला धरतो, चिमूट ओढून बघतो. यंत्रावरची खरी तपासणी होते ती पुढे, जिनिंग झाल्यावर, गठाणीतून काढलेल्या रुईच्या नमुन्यावर. तोवर त्या रुईत कोणाच्या वावरातली पेशी कुठे गेली, हे सांगता येण्याजोगे उरलेले नसते, आणि कास्तकार पावती खिशात घालून रिकामी गाडी घेऊन अकोटच्या रस्त्याला लागलेला असतो.